गिरिजाबाईंची जर्मनची कळशी

मित्रांनो, मी एक जुनी अ‍ॅल्युमिनियमची कळशी आहे. आज जयपुरातल्या एका भट्टीवाल्याच्या अंगणात उन्हात पडले आहे, आणि गेलेले दिवस स्वप्नासारखे डोळ्यांपुढून सरकत आहेत.

फार पूर्वी मी बिहारच्या डोंगरात तांबड्या दगडात निजले होते. त्या दगडाला बॉक्साइट म्हणतात. माणसांनी तो खणला, त्याची पांढरी भुकटी केली आणि भट्टीत वीज सोडून मला त्यातून मोकळे केले. पुढे माझा पत्रा झाला, पत्र्याची कळशी झाली.

१९५६ साली जयंतरावांनी मला त्रिपोलिया बाजारातून घरी आणले. ते साताऱ्याचे, पण इथे जयपुरात विम्याच्या कचेरीत नोकरीला होते. त्यांच्या पत्नी गिरिजाबाई जिन्यावरून पडल्या होत्या. हाड सांधले, पण उजव्या हातात जोर उरला नाही. पितळी कळशी त्यांना रिकामीसुद्धा उचलवत नसे.

मला पाहताच जयंतरावांच्या आई, पार्वतीबाई, म्हणाल्या, "अगबाई, पितळेच्या घरात हे जर्मनचं भांडं?" तेव्हा आम्हाला जर्मनच म्हणत.

"हलकं आहे, आई. गंजतही नाही."

"असेल. माझ्या देवघरात याचं पाणी नको."

मी मोरीपाशीच राहिले. गिरिजाबाई रोज मला डाव्या कडेवर घेऊन नळावर जात. भरताना पाणी माझ्यात गुणगुणे. फार सुखाचे दिवस होते ते.

एका दुपारी पार्वतीबाई शेगडीवर तीळ भाजत होत्या. त्यांचा पदर पेटला. गिरिजाबाई नुकत्याच मला भरून दारात आल्या होत्या. त्यांनी मला तसेच वर उचलले, अधू हाताचा नुसता आधार देऊन, आणि सगळे पाणी सासूबाईंवर ओतले. आग विझली. मी फरशीवर आपटले.

दोघी कितीतरी वेळ ओल्या अंगाने एकमेकींना धरून बसल्या होत्या. मग पार्वतीबाईंनी मला जवळ ओढले. "पोचा आला गं हिला," त्या हळूच म्हणाल्या. "हिला राखेनं घासू नकोस, चरे पडतील. मीच पुशीन." संध्याकाळी त्यांनी देवाचे पाणी माझ्यातूनच घेतले.

पार्वतीबाई वारल्यानंतर काही वर्षांनी घरात एक लग्न निघाले. गडबडीत कोणीतरी माझ्यात चिंचेचे सार भरले आणि दोन दिवस विसरले. आंबटाने माझे अंग खाल्ले, बारीक भोके पडली. गिरिजाबाई मला इथे घेऊन आल्या.

"भैया, अब इसका क्या बनेगा?"

"जो चाहो, बाईजी. ये धातु मरती नहीं."

त्यांनी माझ्यावरून एकदा पदर फिरवला आणि मागे न पाहता गेल्या.

मित्रांनो, आमच्यात आंबटखारट साठवू नका, काम झाले की आम्हाला कोरडे ठेवा. फुटलो तरी उकिरड्यावर टाकू नका. डोंगर फोडून आम्हाला काढायला अपार वीज लागते. वितळवून पुन्हा घडवायला फार थोडी.

शेजारी विजेच्या तारेचे एक वेटोळे चमकते आहे. काल ते पातेले होते. परवा म्हणे एखाद्या गावात दिवा लावील. भट्टी तापली आहे. आता पाळी माझी.