व्यक्ती क

आकाराम खोत पहिल्या रांगेत जाऊन बसला आणि स्वयंसेवकानं त्याला मानानं उठवून शेवटच्या रांगेत नेलं. सदऱ्याला इस्त्री अशी कडक, की आधी माणूस वळायचा, मग सदरा.

विद्यापीठात विद्यार्थ्यांचा परिसंवाद होता: तरुणाई, न्याय आणि समाजमाध्यमं. शाहिस्ता शोधनिबंध वाचायला उभी राहिली. चार रविवार आकारामाच्या उंबऱ्यात बसून तिनं तो लिहिला होता. आज भरल्या सभेत कुणीतरी आपलं नाव घेऊन म्हणणार, या माणसानं काही केलं नव्हतं. एवढं ऐकायला तो आला होता.

दोन वर्षांपूर्वी कळंबा तलावावर फुगे विकताना त्यानं एका चुकलेल्या पोरीला हात धरून आईकडं पोचवलं. कुणीतरी ते मोबाईलवर टिपलं आणि खाली लिहिलं, ‘पोरं पळवणारा’. खोटं वाटेल, पण त्या एकवीस सेकंदांनी दोन दिवसांत चार जिल्हे पालथे घातले. आकाराम स्वतः कधी जवळच्या कागलच्या पुढं गेला नव्हता. पोलिसांनी चौकशी करून तासाभरात सोडलं, ते मात्र कुणी कुणाला पाठवलं नाही. तेव्हापासून चहाच्या गाड्यावर त्याच्या शेजारी कुणी बसत नव्हतं.

“व्यक्ती क निर्दोष होती,” शाहिस्ता वाचत होती.

हा क आटोपला की आपलं येईल, म्हणून आकाराम सावरून बसला. टाळ्या वाजल्या. शाहिस्ता धावतच त्याच्याकडं आली.

“मामा, कसं वाटलं?”

“झ्याक. पर माझं कवा येनार?”

“ते तुमचंच की, मामा. नाव लपवायचा नियम असतोय. तुम्हाला त्रास नको म्हणून. तसल्या कागदावर तुमची सही घेतलेली बघा.”

“व्हय. घेतलीया.”

तिला बक्षिसाला हाक आली.

पुढच्या रांगेतला सम्राट नावाचा विद्यार्थी मागं वळला.

“मामा, तुम्ही वळखता त्या ‘क’ माणसाला?”

“शेजारीच ऱ्हातोय.”

“खरंच काय केलं न्हवतं त्यानं?”

“पोरगी रडत हुती रं. आईकडं न्हेली, बास. दिवसभर दाराकडं बघत बसतोय आता.”

सम्राट उठून त्याच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. खिशातून मोबाईल काढला.

“नाव सांगा की त्यांचं. आत्ता टाकतो. कळू दे सगळ्यास्नी.”

आकारामानं मोबाईलकडं पाहिलं. मग टाळ्या चालल्या होत्या त्या व्यासपीठाकडं.

“न्हाय,” तो म्हणाला. “सही केलीया त्यानं.”