उलट्या सालईची सावली

भिंगाखाली छबुबाईंना तो लाल ठिपका मोठा दिसला, पण धूसर. त्यांनी काच पदराला पुसली, पुन्हा धरली. एक्केचाळिसावं झाड. चाळीस ठिपक्यांवर सकाळपासून, जितं म्हणून, पेन्सिलीची फुली मारून झाली होती आणि आता हे एकच.

नात अंजली समोर लॅपटॉप घेऊन बसली होती. डोंगरावर ड्रोन उडवून वरून फोटो काढायचे आणि ते बघून झाडांची तब्येत ठरवायची, हे तिचं काम. हिरवं ते निरोगी, पिवळं ते आजारी, लाल ते मेलेलं. मेलेली तोडायची. आजीला दिसावं म्हणून तिनं मोठे कागद छापून आणले होते.

"एकपण पान न्हाई आज्जी ह्यांना. कॉम्प्युटरनं सरळ लाल केलंय."

"तुझ्या कॉम्प्युटरनं चैतातली सालई बघितली न्हाई कधी. मिरगापातूर ती उघडीच आसती. रंग कावून बघती? सावली बघ."

जित्या झाडाची सावली जमिनीवर बारीक जाळीसारखी पडते, काटक्या शाबूत असतात म्हणून. मेलेल्याच्या काटक्या वाऱ्यानं झडतात आणि उरतात ती नुसती जाड, आखूड बोटं. अंजलीनं ऐकलं, हसली, आणि मग एकेक सावली बघता बघता हसायची थांबली. तेव्हा छबुबाईंना किती बरं वाटलं होतं! घटकाभरच.

कारण ही एक्केचाळिसावी सावली बोटांची होती. आणि बोटं सगळी एकाच अंगाला, उगवतीकडे गेलेली... आपण हे झाड वरून कधी पाहिलं नव्हतं, तरी लगेच ओळखलं.

रोजगार हमीवर त्या डोंगरावर आम्ही बायांनी सालईच्या फांद्या रोवल्या, त्याला चाळीस वर्षं झाली. आमच्यातल्या जानकीनं पहिल्याच दिवशी फांदी उलटी रोवली, शेंडा खाली आणि बुडखा वर. मुकादम म्हणाला, "अगं, माणसाला बी डोक्यावर उभं करशील." सगळ्या हसल्या. मी नव्हते हसले... हसले होते, सगळ्यांत जास्त मीच हसले होते. जानकी रागानं म्हणाली, "राहू द्या तशीच. लागली तर माझी." आणि लागली! वाकडी, एका अंगानं, पण लागली. बौद्धवाड्यातल्या बायांची घागर तिथंही वेगळी असायची; जानकी त्याच घागरीतून प्यायची, कुणाकडे न बघता. पुढच्या हंगामात ती ऊसतोडीला गेली. तापानं गेली, म्हणाले. कुठं पुरली की जाळली, ते कुणी धड सांगितलं नाही. मग दर चैत्रात मी डोंगर चढायचे, गुडघे होते तोवर, आणि त्या खोडाला नख लावून बघायचे. आत हिरवं असायचं.

"ही शेवटची, आज्जी. काय लिहू?"

"जित्ती हाय."

अंजलीनं कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. बोट आपटलं, लाल ठिपका हिरवा झाला. "झालं. पाचला यादी पाठवते. उद्या जंगलखात्याचे साहेब ह्यातल्या चार-पाच झाडांची साल खरवडून बघणार हायेत. एक जरी मेलेलं निघालं ना, तर म्हणतील म्हातारीच्या सांगण्यावर कशाला गेलीस, आन् सगळी परत लाल." ती उठली. "पण तू सांगितलंस म्हणजे बघायलाच नको... चहा टाकते."

छबुबाई बसल्या जागीच चुळबुळल्या. चाळीस झाडं. चाळीस जिती झाडं, एका मेलेल्यापायी. साहेब तिथवर चढणार नाहीत, ते टोकाला आहे... आणि चढले तर? आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. त्यांनी डोळे मिटून जानकीचा चेहरा आठवून पाहिला, निदान तिला विचारावं म्हणून. चेहरा येईना. वरून फोटो काढल्यासारखा नुसता भांग दिसत होता, डोक्यावरची चुंबळ, आणि पायाशी पडलेली सावली, जाड, आखूड. इतकी वर्षं आपण नख लावून बघत होतो ते झाडाला की जानकीला...

पाचला दहा मिनिटं होती. अंजलीला हाक मारून ती शेवटची पुन्हा लाल करायला सांगायची होती. त्यांनी तोंड उघडलं, आणि जिभेवर आलेलं नाव जानकीचं होतं.