शुक्रवारचा पंखा

साइराकान एजेंनी दार उघडलं ते पिठाच्या हातांनीच. "ये गं गुलबारा. आधी चहा घेतेस?"

"चहा नंतर. तुमचा पंखा आपोआप चालतो म्हणे, तो दाखवा. भुतंखेतं दुरुस्त करत नाही हं मी, आधीच सांगते."

बोलून गेले आणि जीभ चावली. एजे हसल्या नाहीत.

त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहतात; वडीलधाऱ्या बाईला आम्ही एजे म्हणतो. त्यांचा मुलगा एर्मेक रशियात बांधकामावर गेला. दुसरा हिवाळा सरत आला तरी फोन नाही, निरोप नाही. बरोबर गेलेली पोरं विचारलं की माना खाली घालतात. सून माहेरी गेली, आणि जाताना म्हणाली, "आता त्याच्या नावानंही तेल तापवा." शुक्रवारी आमच्याकडे घरोघरी तेल तापतं, मळलेल्या पिठाचे छोटे तुकडे, बोरसोक, तळतात. तळणाचा वास वारलेल्यांपर्यंत पोचतो, मग एकेकाचं नाव घेऊन दुआ मागायची. एजे नवऱ्याचं नाव घ्यायच्या, सासूचं, आईचं. एर्मेकचं नाही. जीव गेला तरी घेणार नाही, असं त्यांनी सुनेला तोंडावर सांगितलं होतं.

आणि या हिवाळ्यात हे नवीनच सुरू झालं. शुक्रवारचं तळण अर्ध्यावर आलं, की न्हाणीघरातला हवा ओढणारा पंखा चालू. बटण बंद, तरी चालू. बाकीचे दिवस गप्प.

"वासाला येतो गं तो," एजे हळूच म्हणाल्या. "जिवंत माणूस कशाला वासाला येईल? पंखाही त्यानंच बसवलेला. तू सांग, वायरीचाच दोष आहे ना? तेवढं म्हण."

"बघितल्याशिवाय काय म्हणू, कपाळ? तुम्ही तळायला लागा. मी आत थांबते."

न्हाणीघराला खिडकी नाही. दार लोटून मी टबाच्या काठावर बसले. पलीकडे तेल चुरचुरत होतं. बराच वेळ काही नाही. मग डोक्यावर काहीतरी गुरगुरलं, पाती हलली, आणि दाराखालून तळणाचा वास आत शिरून माझ्या अंगावरून वर निघाला. कुणीतरी तो ओढून घेत होतं.

"एर्मेक?" मी चक्क हाक मारली. आयुष्य विजेच्या तारांत गेलं माझं, आणि मी पंख्याला हाक मारली!

मग स्वतःचाच असा राग आला की बाहेर येऊन मेन स्विच बंद केला आणि भिंत फोडायला घेतली. एजे झारा धरून उभ्या.

आत सगळा आनंदच होता. घराच्या जुन्या अॅल्युमिनियमच्या तारेला पंख्याची तांब्याची तार नुसती पिळून जोडलेली, वर चिकटपट्टी. त्यात ती विजेच्या शेगडीच्या वायरीला खेटून एकाच खाचेत कोंबलेली. चहा-सुपापुरती शेगडी लावली तर काही होत नसे. पण तास तास तळण चाललं की वायर तापायची, कोळसा झालेल्या आवरणातून दोन्ही तारा एकमेकींना टेकायच्या आणि पंख्याला वीज मिळायची.

"कसली अडाणी कलाकारी ही! घर पेटलं असतं एजे, कळतंय का?"

"म्हणजे वायरच?"

"वायरच. तुमच्या लेकाची कर्तबगारी."

"आल्यावर कान उपटते मेल्याचे!" म्हणत एजेंनी पिठाच्या हातांनी माझं तोंड कुरवाळलं. रडत होत्या, हसत होत्या.

जुनी वायर सगळी उपसून काढली, पंख्यासाठी वेगळ्या नळीतून नवी तांब्याची ओढली, जोड नीट पेटीत घेतले. मग एजेंनी उरलेलं पीठ तळायला घेतलं. परात शिगोशीग भरली. पंखा गप्प. एजे दर थोड्या वेळानं न्हाणीघराच्या दाराशी जाऊन कान लावायच्या आणि माझ्याकडे बघून मान हलवायच्या. मलाही बरं वाटलं.

गरम बोरसोक मधे ठेवून आम्ही दुआ मागायला बसलो. एजेंनी हात पसरले, डोळे मिटले. नवऱ्याचं नाव घेतलं. सासूचं. आईचं. आणि श्वासही न घेता, त्याच संथ सुरात म्हणाल्या, "एर्मेक."

डोळे उघडले. पसरलेले हात तसेच राहिले.

"मी नाही म्हटलं," त्या म्हणाल्या. "गुलबारा, मी नाही ना म्हटलं?"

घरात चिटपाखरू नव्हतं. पंखा गप्पच होता, आमच्या दोघींच्या श्वासाशिवाय आवाज नव्हता.

"नाही एजे," मी म्हणाले. "पंखा वाजला."