चार चमचे पेज

गौराबाईला पक्षाघाताचा झटका येऊन पाच दिवस झाले होते, आणि तिचा मुलगा धनेश कर्जतच्या दवाखान्यात एका जागी ठरत नव्हता. खाटेपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत त्याच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. सकाळी करून बसलेली गोष्ट त्याला बसू देत नव्हती.

अक्षदा सिस्टरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं: आजींना गिळता येत नाही, तोंडाने पाणीसुद्धा द्यायचं नाही, जे जाईल ते नाकातल्या नळीतून, आणि खाटेची डोक्याकडची बाजू खाली करायची नाही. धनेशने मान डोलावली होती. मान डोलावण्यात तो पटाईतच होता. पण काल आई जड जिभेने म्हणाली, "धन्या, पेज दे रं," आणि तो तिच्या खाटेजवळून उठून बाहेर गेला. त्याचा बाप, सखा, पेज मागत मागतच गेला होता. तेव्हाही डॉक्टर नको म्हणाले होते आणि धनेशने ऐकलं होतं. ते त्याला अजून सलत होतं. म्हणून आज सकाळी त्याने कडावच्या घरून डब्यातून नव्या तांदळाची पेज आणली, खाट आडवी केली, कारण आजाऱ्याला निजवूनच पाजायची घरची रीत, आणि चार चमचे पाजले. आई साधी खोकलीसुद्धा नाही. या सिस्टर उगाच घाबरवतात, असं म्हणत त्याने खाट पुन्हा वर केली आणि तो खुशीत डबा धुऊन आला.

दुपारी तिला ताप भरला. श्वास भराभर चालू लागला, बोटाला लावलेल्या यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा उतरत गेला. डॉक्टर सुरभी धावत आल्या. तोंडातून काही दिलंत का, त्यांनी विचारलं. धनेश नाही म्हणाला. मग पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात अडकली असावी, असं म्हणून त्यांनी पनवेलला न्यायला गाडी मागवली.

गाडी दारात लागली. धनेश डॉक्टरांच्या मागोमाग दारापर्यंत गेला. कबूल केलं तर आईच्या जिवावर उठलेला तोच ठरणार होता. आणि नाही केलं तर पनवेलला भलत्याच दुखण्यावर औषध सुरू होणार होतं.

"डॉक्टर, मी पेज पाजली हाय तिला. आडवं करून. खोकली पण नाय ती."

त्या ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी गाडी थांबवली, खाटेची डोक्याकडची बाजू आणखी वर केली, घशातलं नळीने ओढून काढलं आणि जागेवरच छातीचा फोटो काढला. उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी पांढरा डाग होता.

"पेज फुफ्फुसात गेली, तरी आजी खोकल्या नाहीत, कारण खोकायची ताकदच नव्हती," त्या म्हणाल्या. औषध सुरू झालं.

चौथ्या दिवशी ताप उतरला. गौराबाईने मुलाकडे पाहिलं.

"पेज दे रं, धन्या."

"नाय, आये. आता नाय."

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. बाप आठवून धनेशचे डोळे भरले. पण या खेपेला तो तिच्या खाटेपाशीच बसून राहिला.