चौकटीतली चौकट

भुसावळला बदलीचा हुकूम आला आणि पंढरीनाथांनी जाहीर करून टाकलं, की पोरगी एकटी जयपुरात राहणार नाही. भार्गवीने खोलीसुद्धा बघून ठेवली होती, पण बापापुढे तिचं काय चालणार? तिने एवढंच कबूल करून घेतलं, की बाबांनी आधी एकदा तिचं काम बघायचं, मग हो-नाही म्हणायचं.

काम आदर्श नगरात, मुरलीधरजींच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात. साल २००७. कुरिअरचे निरोप यंत्राला कळावेत म्हणून वाक्यावाक्यांतल्या नावांभोवती पडद्यावर चौकटी काढून खुणा करायच्या: हा माणूस, ही जागा. जयपूरने मात्र सगळ्यांना जेरीस आणलं होतं. इथे रस्त्याचं नावच 'मणिहारों का रास्ता'. जयपूरच्या पोरांना तो जन्मापासून नुसता रस्ता. त्यात बांगडीवाले मणिहार आहेत हे त्यांना दिसतच नसे. कुणी फक्त मणिहारांवर खूण करी, कुणी अख्ख्या नावावर, आणि यंत्र बिचारं पार गोंधळून जाई. बाहेरून आलेल्या भार्गवीला दोन्ही दिसत. तिने हट्टच धरला, की डब्यात डबा ठेवतो तशी चौकटीत चौकट काढू द्या. वर्षभर ती तेच करत होती.

पंढरीनाथ ऑफिसात आले आणि खुर्चीत ताठ बसले. वाक्य त्यांनीच सांगावं, असं मुरलीधरजी म्हणाले. त्यांनी मुद्दाम मुलीच्या त्या खोलीचाच पत्ता सांगितला: "पंढरीनाथ की बेटी भार्गवी, ठठेरों के रास्ते वाली दवा की दुकान के ऊपर."

पडद्यावर चौकटी उमटू लागल्या. दुकान. दुकानाच्या आत रस्ता. रस्त्याच्या आत ठठेरे, म्हणजे भांडी घडवणारे. हा रस्ता भार्गवीने यंत्राला कधीच दाखवला नव्हता. नावाच्या आत डोकावायचं असतं, एवढंच ती शिकवत आली होती, आणि समोरचा तो खोका आता आपणहून डोकावत होता. मुरलीधरजी नकळत उठून उभे राहिले.

पंढरीनाथ मात्र वाक्याच्या सुरुवातीलाच, 'पंढरीनाथ की बेटी भार्गवी'भोवतीच्या चौकटीपाशी थबकले होते.

"ह्या दोन चौकटी कशाला?"

"बाहेरची चौकट माझी, बाबा. आतली तुमची."

"म्हणजे तुझ्या आत मी?"

"यंत्राला तसंच दिसतंय."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"चल," ते म्हणाले, "त्या खोलीची कडी आतून नीट लागते का, बघून येऊ."