बोंडांचा हार

अकोटच्या जिनिंग गिरणीत कापसातला कचरा वेचणाऱ्या नईमाबीचा हसनैन पुण्याच्या कंपनीत मोठा साहेब झाला, तशी तिची मान खाली येईना. त्यानं बनवलेलं कचरा वेचायचं यंत्र आज इथं बसलं. "आता कंबर मोडाची नाई," म्हणत तिनं सोबत वेचणाऱ्या बायांकडून त्याच्यासाठी कापसाच्या बोंडांचा हार गुंफून घेतला, यंत्राचं बटणही स्वतःच दाबलं.

यंत्र चाललं, तसा मालक बोलला, "बायांनो, उद्यापासून येऊ नका."

"अन् मी रे?" नईमाबीनं पोराला विचारलं.

"तू बी घरी बस, अम्मी. तुह्याच बोटांचे व्हिडिओ पाहून शिकलं ते."

त्या बायांतल्या मैनानं हार उचलून नईमाबीच्याच गळ्यात घातला. "मिरव आता, साहेबाची माय! बटन तं तूच दाबलं."

हसनैन यंत्रासोबत फोटो काढून घेत होता.