ळ कोणी शिकवला

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या सभागृहात दोन दिवसांचा चित्रपट महोत्सव भरला, तेव्हा बुद्धविहारातल्या माझ्या रविवारच्या मराठी वर्गाची अकरा मुलं मी तिकडे नेली. प्रत्येकाच्या हातात वही. काय आवडलं ते दोन ओळींत लिहायचं, मराठीत.

"सर, हिंदीत चालेल का?" पियुषनं विचारलं.

"चालेल. मग उद्या तेच मराठीत दोनदा लिहायचं."

पहिला चित्रपट बैहरच्या एका जीपचालकाचा होता. पाऊण तास जीप चालतच होती आणि मुलं खिडकीतून जंगल बघावं तशी बघत होती. दुसऱ्यात एक म्हातारा एक शब्दही न बोलता घड्याळं दुरुस्त करतो. तो चांगला होता म्हणे. माझं लक्ष नव्हतं. मी तिसऱ्याची वाट पाहत होतो, तो आम्रपालीनं बनवलेला होता.

आम्रपाली माझी जुनी विद्यार्थिनी. तिला ळ यायचा नाही. आमच्याकडे घरोघरी डोळ्याला डोया म्हणतात आणि हिंदीत तर ते अक्षरच नाही. दीड वर्ष मी तिच्यामागे होतो. शेवटी टाळूला गुळाचा खडा चिकटवायचा आणि जीभ मागे वळवून तो चाटायचा, या युक्तीनं तिसऱ्या दिवशी तिला ळ आला. पुढे वीस वर्षं मी ही युक्ती शिक्षकांच्या शिबिरांत सांगितली, टाळ्या घेतल्या. तिचा चित्रपट ळ शिकण्यावरच आहे हे कळल्यापासून मी नवा सदरा इस्त्री करून ठेवला होता.

शेजारी गोदाबाई बसली होती. पूर्वी ती विहार झाडायची, मुलांना पाणी द्यायची. तिला आणायला आम्रपालीनं तिच्या गावी, लामत्याला गाडी पाठवली होती. मला फक्त फोन केला होता.

पडद्यावर पायरीवर बसून रडणारी एक मुलगी. मग बांगड्या भरलेला एक हात आला आणि त्यानं तिच्या टाळूला गूळ चिकटवला. "चाट व माय. जीभ मांगं ने." सभागृह हसलं. मास्तर एकदाच दिसले, पाठमोरे, फळ्यावर लिहिताना. शेवटी अक्षरं आली: गोदामायसाठी.

गोदाबाईनं मला कोपरानं ढोसलं. "सर, हे मीच आहो का?"

"हौ."

"एवढ्या बांगड्या नव्हत्या माह्या."

दीड वर्ष माझं, आणि पडदा हिचा!

आम्रपाली आली ती आधी गोदाबाईच्या गळ्यात पडली. मग मला म्हणाली, "जय भीम, सर. कसा वाटला?"

"छान. पण गुळाची युक्ती माझी होती."

ती गोंधळली. "सर, मला वाटलं..."

"सरचीच होती व," गोदाबाई चटकन म्हणाली. "म्या तं फक्त गूय देल्ला."

"मग तुमचं नाव घालू का, सर? पुढच्या आठवड्यात नागपूरला दाखवायचा आहे."

मी लगेच नकार दिला नाही. गोदाबाई खाली पाहून पदराशी चाळा करत होती आणि मला ती दुपार आठवली. मी फळ्यावरून वळलो होतो. आम्रपालीचा गाल फुगला होता. तोंडात काय आहे, म्हणून मी ओरडलो होतो, तेव्हा गोदाबाईनं हाच चाळा करत सांगितलं होतं, "रागवू नका, सर. माह्या पोराले म्या असंच शिकोलं."

तेवढ्यात मयुरीनं वही पुढे केली. "सर, झालं लिहून."

'मले गोदाबाईचा गूय लय आवडला.'

मी लाल पेन काढला. गूय खोडून गूळ केलं. गोदाबाईच्या नावावर पेन क्षणभर थांबला. मग खाली सही केली.

"माझं नाव नको," मी आम्रपालीला म्हणालो. "युक्ती तिचीच."

गोदाबाई तोंडाला पदर लावून हसली. सगळे तिच्याभोवती जमले. मी आम्रपालीला जरा बाजूला घेतलं.

"एक मात्र बदल," मी म्हणालो. "तो पाठमोरा मास्तर फार वाकलेला आहे. तेव्हा मी ताठ होतो."